लेक सज्ञान झाली, पण जाणती झाली का?

धागाकर्ती:
गेल्या आठवड्यात लेकीला अठरा पूर्ण झाली. तिचं 'अज्ञान' खातं बदलायला बँकेत गेलो, तर माझी सही चालेना. "आता त्यांचीच लागेल," काउंटरवरच्या बाई म्हणाल्या. आदल्या रात्री लेकीनं वहीच्या मागच्या पानावर तीसेक वेळा सही गिरवली होती, तरी फॉर्मवर हात थरथरला. सकाळी चार हाका मारल्याशिवाय उठत नाही ती. आणि एका रात्रीत कर्ज काढायला, करार करायला मोकळी? आवेगाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो म्हणतात. मग निदान २१ तरी ठेवा!

प्रतिसाद १:
२१ होतंच की! ब्रिटननं १९७० मध्ये १८ केलं, जपाननं २०२२ मध्ये २० वरून १८. पोरं अचानक शहाणी झाली म्हणून नव्हे. स्वतःच्या आयुष्याचा निर्णय त्यांचा त्यांनी घ्यावा म्हणून. पस्तिशीतही पोच नसलेली माणसं असतात, त्यांची सही आपण थांबवतो का? निर्णय घेतल्याशिवाय निर्णय घेता येत नाही, ताई.

धागाकर्ती:
जपानचं अर्धंच सांगितलंत. पालकांच्या संमतीशिवाय केलेला करार १८-१९ च्या मुलांना आधी रद्द करता यायचा. ते कवच गेलं. दारू आणि जुगाराला मात्र तिथे अजून २० च. म्हणजे सरकारलाही खात्री नाहीच ना?

प्रतिसाद २:
माझं दोघांशीही जमत नाही. मी सोळाची असताना बाबा अंथरुणाला खिळले. औषधांच्या वेळा, धाकट्याचा अभ्यास, घरखर्च सगळं माझ्याकडे. पण दवाखान्यात संमतीपत्रावर सही केली ती काकांनी, जे वर्षातून दोनदा यायचे. मला विचारून, "इथेच करू ना?" म्हणत. कायदा माझ्यापर्यंत दोन वर्षं उशिरा पोचला. आणि तोच धाकटा अठराव्या वर्षी मित्राला जामीन राहिला, न वाचता. एकच घर, एकच आई.

प्रतिसाद १:
म्हणूनच रेघ लागते. प्रत्येकाची समज तपासायची तर तपासणारा कोण? ज्याच्या हाती सत्ता, तोच. बायकांना मताचा हक्क नाकारताना 'समज नाही' हेच कारण द्यायचे.

धागाकर्ती:
हे मनाला लागलं. काकांची ती सहीसुद्धा. चेकबुक उद्या तिच्याकडे देते, पासवर्ड विचारणार नाही. कर्ज आणि जामिनासाठी मात्र २१, यावर मी अजून ठाम आहे.