अनुभव धागा: बहुवर्षायू फुलझाडं, कुरिअरने मागवलेली आणि पुण्याच्या नर्सरीतून आणलेली

हंगामी फुलांचा हिशेब एका मोसमात संपतो. सोनचाफा, जाई, निशिगंध, सोनटक्का ही झाडं मात्र वर्षानुवर्षं आपल्याकडे राहायला येतात. म्हणून ती कुठून आली, कोणत्या महिन्यात आली आणि येताना मुळं कशी होती, याला मी फुलाच्या फोटोपेक्षा जास्त महत्त्व देते. पुण्यात नर्सऱ्यांना तोटा नाही. सोलापूर रस्त्याने हडपसरच्या पुढे उरुळी कांचनकडे जाताना त्या दिसत राहतात. फळझाडांच्या खात्रीच्या कलमांसाठी गणेशखिंडचं फळ संशोधन केंद्र आहे. प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरतं. शिवाय दार्जिलिंगजवळच्या कालिंपाँगचे कंद आता घरपोच येतात. तरी नवीन माणूस गोंधळतो, म्हणून हा धागा.

विक्रेत्याचं नाव नको. महिना, ऊन कोणत्या बाजूचं, पाणी महापालिकेचं की बोअरचं, आणि झाड दुसऱ्या वर्षी फुललं का, एवढं जरूर लिहा. कंदाला पहिल्या वर्षी येणारं फूल आधीच्या शेतात साठवलेल्या अन्नावर येतं. त्याला आपली माती मानवली की नाही, ते दुसऱ्या वर्षीच कळतं.

सुरुवात मीच करते. सहकारनगर, तळमजला, सकाळचं ऊन. मला सोनचाफा हवा होता. नर्सरीत दोन रोपं शेजारी ठेवलेली, एक माझ्या खांद्याइतकं आणि स्वस्त, दुसरं गुडघ्याएवढं आणि बरंच महाग. उंच होतं ते बियांपासूनचं, त्याला फुलं यायला बरीच वर्षं लागतात आणि फूल आईसारखंच येईल याचीही खात्री नसते. बुटकं वेलणकर जातीचं कलम होतं. मी कलम घेतलं. जोड नीट भरलेला आहे का हे बोट फिरवून पाहिलं, आणि लावताना तो मातीच्या वर राहील अशी काळजी घेतली. पुढच्याच वर्षी फुलं सुरू झाली. खुंटावरून, म्हणजे जोडाच्या खालून, फुटवे येतात ते दिसले की लगेच काढते. ते ठेवले तर खुंटच झाड होऊन बसतो आणि वरचं कलम मागे पडतं.

बाणेर, वरचा मजला, पश्चिमेची बाल्कनी
मी जवळजवळ सगळं कुरिअरने मागवतो, कारण मला हव्या त्या डे लिली इथे मिळत नव्हत्या. त्यांच्यात मुख्यतः दोन प्रकार असतात. काहींची पानं हिवाळ्यात पूर्ण वाळतात आणि त्यांना कडक थंडी लागते. काही बारमाही हिरव्या राहतात. आपल्याकडे दुसऱ्याच घ्याव्यात. विक्रेत्याला हे सांगता येत नसेल तर मी तिथून घेत नाही.

पार्सल सोमवारी निघेल असं आधी बोलून घेतो. गुरुवारी निघालेला खोका रविवारी कुठल्यातरी गोदामात पडून राहतो. एप्रिल-मेमध्ये तर मागवतच नाही. एका विक्रेत्याने माझ्या सांगण्याविरुद्ध एप्रिलमध्ये पाठवलं, खोका उघडला तर आत पानं शिजली होती. पावसाचा जोर ओसरल्यापासून जानेवारीपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. रोप आल्यावर आठवडाभर सावलीत, मग सकाळचं ऊन, मग माझ्या बाल्कनीतलं दुपारचं. खत नवीन पान फुटल्यावरच.

धायरी, घराभोवती काळी माती
नर्सरीतली बरीच रोपं आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून ट्रकने येतात, हे सगळ्यांना माहीत नसतं. रोपं उत्तम असतात, पण मुळांभोवतीची हुंडी गोदावरीच्या चिकण गाळाची असते. ती एकदा सुकली की विटेसारखी होते. आपण पाणी घालतो, ते बाजूच्या मातीतून निघून जातं आणि आतली मुळं कोरडीच राहतात. वरून माती ओली दिसते म्हणून आपण निर्धास्त! त्यामुळे लावण्याआधी पिशवीसकट रोप पाण्याच्या बादलीत ठेवावं, बुडबुडे थांबेपर्यंत. मग पिशवी कापून कडेची माती हलक्या हाताने मोकळी करावी. जास्वंद, तगर, अनंत यांना हे चालतं. बोगनवेलीला अजिबात नाही, तिची मुळं नाजूक असतात, हुंडी आहे तशीच खड्ड्यात उतरवायची. काळ्या मातीत खड्डा करताना तळाला विटांचे तुकडे घालून भागत नाही. पावसाळ्यात खड्ड्याचं डबकं होतं. मी आता उंचवटा करून त्यावरच लावतो.

उरुळी कांचन, नर्सरीत काम करतो
वरच्या काकांचं खरं आहे. थोडं आमच्या बाजूचं सांगतो. कोणतं रोप इथे तयार केलं आणि कोणतं ट्रकने आलं, हे सरळ विचारा, राग येत नाही कुणाला. ट्रकवरून उतरलेलं रोप लगेच नेऊ नका. पंधरा दिवस शेडनेटखाली राहिलं की कोणतं जगणार ते आम्हालाच कळतं. दुसरं, पिशवी उचलून बघा. मुळं खालून जमिनीत घुसली असतील तर ओढताना तुटणार. असं रोप वरून ताजंतवानं दिसतं, घरी गेल्यावर मान टाकतं. पानाच्या मागे आणि फांदीच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण, एक झाड सगळी गच्ची भरवतं. फुललेल्यापेक्षा बुडातून तीन-चार फांद्या फुटलेलं रोप घ्या. रविवारी गर्दीत आम्हाला बोलायला वेळ नसतो, मधल्या वारी सकाळी या.

कॅम्प
दारावर टेम्पो आला होता, कळ्यांनी लगडलेला बटमोगरा. शंका आली म्हणून बुंधा हलकेच हलवला तर तो मुळांशिवाय वर आला. मातीत नुसती फांदी खोचलेली होती. मोगरा घेताना एवढं जरूर करावं.

सदाशिव पेठ, गच्ची, वय ७० च्या पुढे
मला कंदांविषयी लिहायचं आहे, कारण घरपोच मागवायला कंदासारखी सोयीची गोष्ट नाही. झोपलेल्या अवस्थेत प्रवास करतो, त्याला इजा कमी होते. फक्त आपल्या हवेचे निवडावेत. ट्यूलिपला तीन-चार महिने कडाक्याची थंडी लागते. पुण्यात डिसेंबरच्या रात्री कितीही गार वाटल्या तरी दिवसा ऊन तापतंच. आधीच शीतगृहात ठेवलेला कंद एकदा फुलेल, पुढच्या वर्षी नाही. ज्यांना ते एक फूल हवं आहे त्यांनी जरूर आणावं, पण त्याला बहुवर्षायू म्हणून विकू नये असं मला मनापासून वाटतं.

याउलट अमरिलिस आणि मे महिन्यात गोल चेंडूसारखी लाल फुलणारी फुटबॉल लिली, या दोघी माझ्याकडे दरवर्षी नेमाने येतात. निशिगंध मागवताना जात विचारावी. प्रज्वल आणि शृंगार एकेरी, सुवासिनी आणि वैभव दुहेरी, या बंगळुरूच्या बागवानी संशोधन संस्थेच्या जाती. गड्डा हाताला टणक आणि जड लागला पाहिजे. डेलियाचं वेगळं आहे. त्याचा कंद रताळ्यासारखा गुबगुबीत असला तरी नुसत्या कंदाला कोंब येत नाही, डोळा असतो तो जुन्या खोडाजवळच्या मानेवर. मान तुटलेला कंद आला तर त्याच दिवशी फोटो काढून परत पाठवावा. मी पाठवले आहेत, आणि बदलूनही मिळाले आहेत.

कोथरूड
हायड्रेंजिया. महाबळेश्वरला पाहिला तसाच निळा हवा म्हणून आणला, पुढच्या बहराला गुलाबी! नर्सरीने फसवलं असं घरात सगळ्यांचं मत झालं होतं. पण आमच्याकडे बोअरचं जड पाणी. माती अल्कधर्मी झाली की मुळांना ॲल्युमिनियम मिळत नाही आणि निळा रंग उतरतो. साठवलेलं पावसाचं पाणी आणि अधूनमधून पाण्यात विरघळवलेली थोडी तुरटी, यावर आता जांभळट छटा आली आहे. जागा मात्र सावलीची हवी, आपलं मार्चचं ऊन त्याला सोसत नाही.

निगडी
कमळाचा कंद कुरिअरने मागवणाऱ्यांसाठी: टोकाचा कोंब अखंड असला तरच उपयोग. आमच्याकडे ओल्या शेवाळात गुंडाळून आला होता. फेब्रुवारीअखेर, ऊन वाढू लागल्यावर लावला. रुंद, भोक नसलेलं टब, तळाला काळी माती, कंद आडवा आणि कोंब मातीच्या वर. सहा तास ऊन नसेल तर कमळाच्या वाटेला जाऊ नका, कुमुदिनी घ्या.

बाणेरसाठी: डे लिली दुसऱ्या वर्षी फुलल्या का, ते राहिलं. आणि कुंडी केवढी?

बाणेर
हो, फुलल्या. पहिल्या वर्षापेक्षा जास्त दांडे आले. कुंडी बारा इंची, तीन वर्षांनी गड्डा काढून वेगळा केला, नाहीतर दाटी होऊन फुलं कमी होतात.

कर्वेनगर
गड्डे वेगळे करण्यावरून सांगते, विकत घेण्याआधी आसपास विचारा. सोनटक्का, कर्दळ, हेलिकोनिया, रेन लिली ही सगळी गड्ड्यांनी वाढतात आणि दर दोन-तीन वर्षांनी काढावीच लागतात. इथल्याच पाण्यावर वाढलेला गड्डा लवकर रुजतो, असा माझा अनुभव आहे. माझा सोनटक्का श्रावणापासून दिवाळीपर्यंत फुलतो, संध्याकाळी जिन्यापर्यंत वास येतो. मेअखेरीस वाफा उपसणार आहे. प्रत्येक तुकड्यावर निदान दोन डोळे ठेवून देईन. पहिल्या पावसाआधी न्यावा लागेल, येताना कापडी पिशवी आणा, प्लॅस्टिकमध्ये तो घामेजतो.