पक्षाघातात गुठळी विरघळवणारे औषध : आपत्कालीन डॉक्टरांचा संकोच कितपत रास्त?

गोदाकाठ :
गुठळीमुळे झालेल्या पक्षाघातात तीन तासांच्या आत अल्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारे औषध दिले, तर तीन महिन्यांनी रुग्ण जवळजवळ पूर्ण सावरलेला असण्याची शक्यता किमान 30 टक्क्यांनी वाढते, असे अमेरिकेतील एनआयएनडीएस (मेंदूविकारांवर संशोधन करणारी तिथली राष्ट्रीय संस्था) चाचणीने 1995 मध्ये दाखवले आणि पुढच्याच वर्षी तिथे औषधाला मान्यता मिळाली. तरीही तिथले अनेक आपत्कालीन डॉक्टर पुढे कितीतरी वर्षे ते द्यायला कचरत राहिले. हा संकोच मला समजतो, पण पटत नाही. औषधानंतर मेंदूत रक्तस्राव झाला, तर दोष ते देणाऱ्याच्या माथी येतो. न दिल्याने वाचा आणि उजवा हात कायमचा गेला, तर तो आजाराच्या नावावर जातो.

साशंक :
हा डॉक्टरांवर अन्याय आहे. त्याच चाचणीत लक्षणे निर्माण करणारा रक्तस्राव औषध मिळालेल्यांपैकी 6.4 टक्के रुग्णांना झाला, इतरांमध्ये 0.6 टक्के. शिवाय तीन तासांच्या मुदतीत उशिरा उपचार मिळालेल्यांत औषधाच्या गटाकडे सौम्य झटक्याचे रुग्ण अधिक होते, म्हणजे फायदा आहे त्याहून मोठा दिसला असू शकतो. अमेरिकेतल्याच क्लीव्हलँड परिसरात 1997-98 मध्ये औषधानंतरच्या अशा रक्तस्रावाचे प्रमाण 15.7 टक्क्यांवर गेले. आपत्कालीन वैद्यकांच्या अमेरिकी संघटनेने 2012 च्या धोरणात या उपचाराला सर्वोच्च दर्जाची शिफारस दिली, सदस्यांनी हरकती घेतल्या आणि 2015 मध्ये ती एक पायरी खाली आणावी लागली. पुरावे वाचूनच घेतलेल्या या हरकतींना भित्रेपणा कसे म्हणणार?

गोदाकाठ :
भित्रेपणा मी म्हटलेले नाही. पण क्लीव्हलँडमध्ये निम्म्या रुग्णांच्या बाबतीत नियमावली मोडली गेली होती, हे सांगायलाच हवे. तिथल्याच एका रुग्णालयसमूहात शिस्त आल्यावर रक्तस्राव 6.4 टक्क्यांवर उतरला. रक्तदाब 185/110 च्या खाली आणणे, सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही याची खात्री करणे, किलोमागे 0.9 मिलिग्रॅम मोजून दहावा भाग एकदम आणि उरलेला तासाभरात देणे, यातल्या प्रत्येक पायरीला महत्त्व आहे. झटक्याच्या तीव्रतेतली तफावत हिशेबात धरून झालेल्या स्वतंत्र फेरतपासणीतही फायदा टिकला.

रात्रपाळी :
दोघेही आकड्यांवर भांडता आहात. खाटेजवळची अडचण वेगळीच असते. रुग्णाला बोलता येत नाही, तो झोपेतून उठला तेव्हाच तोंड वाकडे होते, शेवटचा धडधाकट कधी दिसला हे घरच्यांना नक्की सांगता येत नाही, आणि लहान रुग्णालयात मेंदूविकारतज्ज्ञ नसतो. अशा वेळी थांबलेल्या डॉक्टरला मी दोष देणार नाही. निर्णयाची जबाबदारी उचलणारा तज्ज्ञ त्याच क्षणी फोनवर हवा, नुसता सल्ला देऊन मोकळा होणारा नको.

साशंक :
हे मान्य. तेवढी व्यवस्था असेल, तर माझा विरोध बराच मावळतो. मात्र रक्तस्रावाचा आकडा नातेवाइकांना औषध सुरू करण्याआधी स्पष्ट सांगितला गेला पाहिजे.