पेटंट, एकस्व की मानांकन?

मंडळी, एक अडचण आहे. काल मुद्रितं तपासताना मथळा समोर आला : ‘सांगलीच्या हळदीला पेटंट’. मी ‘पेटंट’ खोडून ‘भौगोलिक मानांकन’ केलं. संपादक म्हणाले, फरक काय? तेवढं सांगता आलं. मग म्हणाले, पेटंटला ‘एकस्व’ हा शब्द असताना तुम्ही लोक तो वापरत का नाही? इथे मी गप्प.

—

मथळा चुकलाच होता, खोडलात ते बरं केलंत. पेटंट शोधाला मिळतं आणि तो शोध नवा असावा लागतो. सांगलीच्या हळदीला २०१८ साली मिळालं ते जीआय (जिऑग्राफिकल इंडिकेशन, तुमचं भौगोलिक मानांकन), म्हणजे नावाचं रक्षण. तिथे नवं काही नसतं, उलट जुना लौकिकच कामी येतो.

गंमत म्हणजे ‘हळदीचं पेटंट’ हा शब्दप्रयोग आपल्या तोंडी बसला तो दुसऱ्याच भानगडीतून. १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट मिळालं, पण ते हळदीचं नव्हतं. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं होतं. शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे प्रमुख होते. सीएसआयआरने जुन्या ग्रंथांतले आणि छापील लेखांतले दाखले पुढे ठेवले, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. मुद्दा एवढाच होता की यात नवं काही नाही. गुडघा फुटला की आपली आजी हळद दाबायची, तेच हे.

—

‘एकस्व’बद्दल. यातला ‘स्व’ म्हणजे धन, ‘सर्वस्व’मधला. एकट्याचं धन, म्हणून एकस्व. घडण सुरेख आहे, सरकारी परिभाषेतही आहे, पण बोलण्यात रुळला नाही. ‘त्याचं ते पेटंट उत्तर’ असं आपण सहज म्हणतो. तिथे एकस्व घालून बघा!

माझी तक्रार वेगळीच आहे. पेटंटचं मूळ लॅटिन, अर्थ ‘उघडं’. राजाचं उघडं पत्र, कुणीही वाचावं असं. आजही सौदा तोच आहे : शोध कसा चालतो ते सगळं लिहून जाहीर करा, मग अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं दुसऱ्याला तो तुमच्या परवानगीशिवाय वापरता येणार नाही. ‘एकस्व’मध्ये मालकी आली, उघडेपणा गळाला.

—

अगदी! आमच्या गल्लीतला मिसळवाला तर्रीच्या मसाल्याबद्दल म्हणतो, ‘पेटंट आहे आपलं, सांगणार नाही.’ अहो, सांगितलं नाही तर पेटंट कसलं? ते व्यापारी गुपित. पेटंट मागायला गेला तर आधी लवंगा किती नि दगडफूल किती, ते कागदावर मांडावं लागेल.

—

मला ‘मानांकन’च खटकतं. मानांकन म्हटलं की आयएसओ आठवतं, हॉटेलचे तारे आठवतात. कुणीतरी दर्जा तपासून गुण दिलेत असं वाटतं. जीआयमध्ये नाव गावाकडे बोट दाखवतं, एवढंच : पैठणी, कोल्हापुरी चप्पल. काही ठिकाणी ‘भौगोलिक निर्देशांक’ छापतात, तो तर सेन्सेक्सचा भाऊ वाटतो. ‘भौगोलिक निर्देशन’ चालेल, नाहीतर सरळ ‘जीआय’.

आणि कॉपीराइटला ‘स्वामित्वहक्क’ म्हणणंही थांबवा. वाळू-मुरूम उपसला की सरकारला भरतात तेही ‘स्वामित्वधन’च. ‘प्रताधिकार’ हा नेमका शब्द आहे, आणि पुस्तकाच्या आतल्या पानावरचं ‘सर्व हक्क स्वाधीन’ त्याहून गोड.

—

आभार सगळ्यांचे. संपादकांना उघड्या पत्राची गोष्ट सांगितली, ती आवडली. पण ‘जीआय’ वाचकाला कळणार नाही म्हणाले आणि ‘निर्देशन’ त्यांनाच कळेना. शेवटी छापलं, ‘सांगलीच्या हळदीच्या नावाला कायद्याचं कवच’. मथळा दोन ओळींचा झाला, म्हणून फोटो कापावा लागला. फोटो हळदीचाच होता.