मॅसी १०३५ ट्रॅक्टरच्या गिअर ऑइलमध्ये पाणी, आवणीआधी काय काय करून घेऊ?

नमस्कार मंडळी. राहायला कळव्याला, शेती मुरबाड तालुक्यात. वडिलांनी १९८६ साली घेतलेला मॅसी फर्ग्युसन १०३५ अजून घरी आहे. ते गेल्यावर दोन वर्षं उभाच होता, गेल्या पावसाळ्यात मी पुन्हा चिखलणीला काढला. यंदाचं भातही त्याच्यावरच करायचं आहे. विकायचा विषय घरात नको म्हणून सांगितलंय.

मागच्या रविवारी डिपस्टिक काढली तर तेल ताकासारखं पांढरट. नांगर उचलताना लिफ्ट थरथरते, इंजिन बंद केलं की पाच मिनिटांत नांगर जमिनीला टेकतो. डावा ब्रेकही धरत नाही. गेल्या वर्षी एका दुकानदाराने १४० नंबरचं जाड ऑइल दिलं, जुन्या गाडीला जाडच लागतं म्हणाला. मला तेव्हाच खटकलं होतं, कारण ह्यात गिअर, डिफरन्शियल आणि हायड्रॉलिक तिन्ही एकाच तेलावर चालतात आणि लिफ्टचा पंप त्याच तेलात बुडालेला असतो. इतकं जाड तेल तो ओढणार कसा?

आता कुठलं तेल भरू? नुसतं तेल बदलून भागेल का? चुलत भाऊ म्हणतो, हातासरशी डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आणि पॉवर स्टीअरिंगही बसवून घे. सगळं मिळून २५ हजारांच्या वर जाता येणार नाही.

उत्तर:
दादा, आधी डावा ड्रम उघडा. तुमच्या मॉडेलचे ब्रेक कोरडे असतात. एकच बाजू धरत नसेल तर बहुतेक त्या बाजूचा ॲक्सल सील गेलाय. तिथून तेल बाहेर येतं आणि चिखलणीत पाणी आत जातं. सील न बदलता तेल भरलंत तर आठवड्यात पुन्हा पांढरं होईल. गिअर लिव्हरचं रबरही बघा, फाटलं असेल तर पावसाचं पाणी तिथूनही उतरतं.

तेल सोडताना तासभर चालवून गरम करा आणि खालचे सगळे प्लग काढा, ते एकाहून जास्त आहेत. मग यूटीटीओ भरा. हे तेल गिअर आणि हायड्रॉलिक दोन्हींसाठीच असतं. थोडे दिवस चालवून डिपस्टिक बघा, पांढरेपणा दिसला तर पुन्हा बदला. पहिलं भरणं वाया गेल्यासारखं वाटेल, पण कोपऱ्यातलं पाणी त्याशिवाय निघत नाही. नांगर तरीही खाली आला तर लिफ्टच्या पिस्टनची रिंग किंवा व्हॉल्व्ह बघावा लागेल.

अल्टरनेटर जरूर घ्या, पण बॅटरीचं कुठलं टोक चासीला जोडलंय ते आधी पाहा. चासीला निगेटिव्ह टोक (निगेटिव्ह अर्थ) नसेल तर जोडल्या जोडल्या डायोड जळतील. जुन्या डायनॅमोचा कटआउटही काढायला लागेल. पॉवर स्टीअरिंग यंदा राहू द्या. पुढच्या टायरची हवा, किंगपिनचे बुश आणि टायरॉड एंड नीट केले की स्टीअरिंग बरंच हलकं होतं.

धागाकर्ता:
मनापासून आभार. शनिवारी ड्रम काढला. ब्रेक शू तेलाने चिंब, सीलचं रबर इतकं कडक झालेलं की नखाने दाबलं तर तुकडा पडला. शू डिझेलने धुऊन चालतील की लायनिंग नवीनच मारू? उजव्या बाजूचा सीलही त्याच वयाचा असणार, पण तो ब्रेक अजून छान धरतो. तोही आत्ताच बदलावा का? मजुरी एकदाच द्यावी लागली तर बरं.

उत्तर:
लायनिंग नवीनच मारा, मुरलेलं तेल धुऊन जात नाही. आणि उजवा सीलही बदला. भर आवणीत, शेतात पाणी असताना तो गेला तर तिथे ड्रम उघडता येणार नाही.