‘इन्क्लुझिव इन्स्ट्रक्शन’ला मराठीत काय म्हणाल?

वेलांटी: अमेरिकेत आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टने यंदाच्या ‘प्रायॉरिटीज’ कळवल्या आहेत: शिक्षकांचं प्रशिक्षण आणि ‘इन्क्लुझिव इन्स्ट्रक्शन’, म्हणजे दिव्यांग मुलांनाही सगळ्यांबरोबर एकाच वर्गात, त्यांच्या गरजेप्रमाणे शिकवणं. इथे नातवंडांजवळ राहणाऱ्या मराठी आजी-आजोबांसाठी ते पत्रक मराठीत करतेय. मी ‘समावेशक अध्यापन’ लिहिलं. सासूबाई निवृत्त शिक्षिका, त्या म्हणाल्या, ‘समावेशित’च बरोबर, आमच्या सगळ्या कागदांवर तेच असायचं. कोणाचं बरोबर?

पाणिनीचा_शेजारी: तुमचं. सम् + आ + विश्. समावेश करून घेणारं ते समावेशक. ज्याचा समावेश झाला तो समाविष्ट. मूल समाविष्ट होतं, अध्यापन त्याला सामावून घेतं. अध्यापनच ‘समावेशित’ कसं होईल? ‘समावेशी’ तर सरळ हिंदीतून आलंय.

खडूफळा: व्याकरण मान्य, पण सासूबाईंचा शब्द वापरातला आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत आमच्याकडे येणारे विशेष शिक्षक ‘समावेशित शिक्षणाचे’ म्हणूनच ओळखले जात. त्याआधीचा शब्द होता ‘एकात्म शिक्षण’, 1974च्या केंद्राच्या योजनेपासूनचा. दोन्हींत मोठा फरक आहे. एकात्ममध्ये मुलाला वर्गात आणून बसवायचं आणि त्याने जमवून घ्यायचं. समावेशितमध्ये शिकवण्याची पद्धत बदलायची. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या व्याख्येतही मुलांनी एकत्र शिकणं आणि अध्यापन त्यांच्या गरजेनुसार बदलणं, दोन्ही आहे. माझ्या वर्गात एक अल्पदृष्टी मुलगी होती. पहिलं वर्षभर मी तिला फक्त पहिल्या बाकावर बसवलं आणि काम झालं असं समजले. फळ्यावर लिहिताना प्रत्येक शब्द मोठ्याने म्हणायचा, हे प्रशिक्षणात कळलं. त्यानंतर ती आपणहून हात वर करायला लागली. ते वर्ष तिचं वाया गेलं, हे मला अजून लागतं.

ओटीवरून: ‘सामावून घेणारं शिकवणं’ लिहा की! समावेश आणि सामावणं एकच, आजीला लगेच कळेल.

पाणिनीचा_शेजारी: एक नाहीत. सामावणे हे सम् + मा, म्हणजे मापणे, यावरून. ‘डब्यात मावतं’ मधलं मावणंही त्याच ‘मा’चं. समावेशात विश्, म्हणजे शिरणे, प्रवेशही त्यातलाच.

ओटीवरून: मग माझा शब्द जास्त चांगला ठरतो. नुसतं आत शिरणं वेगळं आणि मावणं वेगळं. जागा केल्याशिवाय कोणी मावत नाही.

खडूफळा: हे पटलं.

पाणिनीचा_शेजारी: अर्थ सुंदर आहे, परिभाषा म्हणून चालणार नाही. परिभाषेतून पुढचे शब्द निघावे लागतात. समावेशकता, समावेशन. ‘सामावून घेणारं’ची भाववाचक नामं करून दाखवा.

काठपदर: आजी-आजोबांना भाववाचक नामं कशाला हवीत? आणि ‘डिस्ट्रिक्ट’चं काय करताय? ‘जिल्हा’ लिहू नका. तिथलं स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे महसुली जिल्हा नव्हे. बहुतेक ठिकाणी त्याचं निवडून दिलेलं मंडळ असतं आणि स्थानिक मालमत्ता करातून पैसा येतो. ‘शिक्षण मंडळ’ म्हटलं तर आपल्या माणसाला दहावीची परीक्षा आठवते. ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’च ठेवा.

पाणिनीचा_शेजारी: असं ठेवत ठेवतच मराठीत क्रियापदं तेवढी उरतील.

काठपदर: ‘जिल्हा’ तरी कुठे संस्कृत आहे? अरबी-फारसीतूनच आलाय आणि आपला झालाय.

वेलांटी: डिस्ट्रिक्ट तसंच ठेवते. ‘प्रायॉरिटीज’ला ‘यंदा भर कशावर’ लिहिलंय, कारण ‘प्राधान्ये’ कानाला खटकत होतं. राहिला मूळ प्रश्न. शीर्षकात एकच शब्द बसेल.

ओटीवरून: ‘शिक्षण’वरून आठवलं, हा शब्द शक् धातूच्या इच्छार्थक रूपातून आलाय. शकण्याची, जमण्याची इच्छा!

खडूफळा: हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण आणि आपल्याकडे छडी. ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेची पाटी पहिल्यांदा लागली तेव्हा एका पालकांनी खरोखर काळजीने विचारलं होतं की मुलांना मारणार का.

पाणिनीचा_शेजारी: मराठीतला तो अर्थही जुन्या अर्थातूनच आला असणार. शिकवणे, वळण लावणे, मग दंड. यावर स्वतंत्र धागा काढायला हवा.

काठपदर: काढाच. ‘शासन’चंही तेच झालंय, सरकारही आणि दंडही.

वेलांटी: पत्रक शुक्रवारी छापायला जायचंय. ‘समावेशक’ की ‘समावेशित’?