व्हीटी-२२०: मोठी फाइल दाखवली की उलटी प्रश्नचिन्हं

हिरवा_पडदा: डेक कंपनीचा व्हीटी-२२० टर्मिनल (नुसता पडदा आणि कीबोर्ड; १९८३ चं मॉडेल, एलके-२०१ कीबोर्ड) यूएसबी-सिरियल अडॅप्टरने डेबियन लिनक्सच्या संगणकाला जोडलाय. १९२०० बॉडवर (सेकंदाला तेवढे बिट) लॉगिन होतं, छोट्या कमांड चालतात. मोठी फाइल दाखवली की मधल्या ओळी गायब आणि जागोजागी उलटं प्रश्नचिन्ह. केबलमध्ये तीनच वायरी आहेत. आरटीएस-सीटीएस (डेटा थांबवायच्या जादा वायरी) जोडू का? आणि एस्केपची कळ कुठाय?

पिन_सात: आरटीएस-सीटीएसने काही होणार नाही, हा टर्मिनल डेटा थांबवायला त्या वायरी वापरतच नाही. तो फक्त एक्सऑन-एक्सऑफ जाणतो, म्हणजे डेटाच्याच वायरीवरून जाणारी 'चालू कर' आणि 'थांब' ही अक्षरं. तीन वायरी पुरतात: २५ पिनीची २ ते ९ पिनीची २, ३ ते ३, आणि ग्राउंड ७ ते ५. तुमची तशीच असणार, नाहीतर लॉगिनच झालं नसतं.

उलटं प्रश्नचिन्ह म्हणजे अक्षर चुकीचं आलं किंवा बफर (आलेली अक्षरं तात्पुरती ठेवायची जागा) भरून सांडला. छोट्या कमांड नीट चालतात, म्हणजे इथे बफरच. एफ३ दाबून सेट-अपमध्ये जा, कम्युनिकेशन्सच्या पानावर 'एक्सऑफ ॲट ६४' (६४ अक्षरं साठली की 'थांब' म्हण) निवडा. १२८ ठेवू नका: एक्सऑफ पोचेपर्यंत अडॅप्टरच्या चिपमध्ये शिरलेली अक्षरं येतच राहतात, त्यांना जागा हवी. स्मूथ स्क्रोल (ओळी हळूहळू सरकवणं) बंद करून जंप स्क्रोल (एकदम उडी) लावा. मग डिरेक्टरीच्या पानावर 'सेव्ह', नाहीतर वीज गेली की पहिले पाढे पंचावन्न. लिनक्सच्या बाजूने एसटीटीवाय कमांडमध्ये आयएक्सऑन (एक्सऑफ आला की थांबणं) चालू हवं.

वेग ९६०० करा. पूर्ण पडदा १९२० अक्षरांचा, एका अक्षराला दहा बिट, म्हणजे भरायला दोन सेकंद. वाचायला तेवढं बास.

एस्केपसाठी कंट्रोल आणि डावा चौकटी कंस. एफ११ एस्केप पाठवते ती फक्त व्हीटी-१०० सारख्या जुन्या मोडमध्ये.

हिरवा_पडदा: ६४ आणि ९६०० केल्यावर प्रश्नचिन्हं गेली. ईमॅक्स एडिटरमध्ये मात्र अजून येतात. काही प्रोग्रॅममध्ये चौकटीच्या रेषांच्या जागी कचराही दिसतो.

एकच_रंग: ईमॅक्स कंट्रोल-एस (एक्सऑफ म्हणजे हेच अक्षर) शोधासाठी स्वतःकडे ठेवतो, त्यामुळे टर्मिनलचा एक्सऑफ त्याला 'शोध' वाटतो. त्यात 'एनेबल-फ्लो-कंट्रोल' चालवा. मग शोधाला कंट्रोल-बॅकस्लॅश.

कचरा यूटीएफ-८ चा (अक्षरं साठवायची आजची पद्धत). १९८३ च्या यंत्राला ते कुठून कळणार! लिनक्सवर लोकॅल (भाषा-अक्षरांची सेटिंग) 'सी' करा, टर्म (टर्मिनलचा प्रकार) 'व्हीटी२२०' ठेवा. सेट-अपमध्ये 'व्हीटी-२०० मोड, ७ बिट कंट्रोल्स' निवडा. ८ बिटवर बाणाच्या कळा सुरुवातीला एस्केप आणि कंसाऐवजी एकच वेगळा बाइट पाठवतात आणि बरेचसे प्रोग्रॅम गोंधळतात.