लॅमिनेट चिकटवू नका, तरंगतंच ठेवा

कॅम्पर व्हॅनच्या (आत राहण्याची सोय असलेल्या गाडीच्या) फ्लोअरबद्दल वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय की कार्पेट काढून लॅमिनेटच्या पट्ट्या प्लायवर पूर्ण चिकटवून टाका म्हणजे गाडी चालताना कुरकुर होणार नाही. कार्पेट काढायचं हे शंभर टक्के पटलं, त्र्यंबक-इगतपुरीच्या पावसात चिखलाचे बूट घेऊन आत शिरलं की ते सुकता सुकत नाही आणि गाडीभर कुबट वास. पण चिकटवणं नको. क्लिकवालं लॅमिनेट, म्हणजे ज्याच्या पट्ट्या एकमेकींत अडकवतात ते, तरंगतंच बसवायचं असतं, म्हणजे खाली न चिकटवता, न ठोकता नुसतं अंथरायचं; आतला गाभा एचडीएफचा, म्हणजे शेवटी लाकडाचा लगदाच दाबलेला, तो पावसाळ्यात फुगणार नि कोरड्या हवेत आकसणार, त्यामुळे चारी बाजूंनी ८-१० मिमी फट सोडायची, वर बीडिंग (फट झाकणारी पट्टी), आणि बीडिंगचे स्क्रू भिंतीत, जमिनीत नाही.

अजून एक, ज्यावर कुणीच बोललं नाही: कपाटं नि बेड. ते लॅमिनेटवर ठेवून स्क्रूने आवळले की फ्लोअर जागीच जखडतं आणि मग मधे उचलतं. आमच्या कॅम्परमध्ये सुताराने फर्निचर आधी थेट प्लायला मारलं, पट्ट्या फक्त मोकळ्या जागेत. वजनही वाचलं, ८ मिमी लॅमिनेट चौरस मीटरला सात किलोच्या आसपास भरतं. सिंकपाशी मात्र सरळ व्हिनाइल शीट टाका.